सुरी अडवणारा हात : एका प्रसंगाची प्रस्तावना

जेवण चालू आहे. सात माणसं टेबलाभोवती बसली आहेत, चेष्टामस्करी चालली आहे, आणि ज्याच्यामुळे थोड्या वेळापूर्वी अख्खं अंतराळजहाज हादरलं होतं तो केन आता ठणठणीत होऊन हावरटासारखा खातो आहे. त्याच्या तोंडाला मिठी मारून बसलेला कोळ्यासारखा प्राणी आपोआप गळून मेला, तेव्हा संकट टळलं असं सगळ्यांनी धरलं आहे. एवढ्यात केनला ठसका लागतो आणि तो थांबतच नाही. केन टेबलावर आडवा होऊन हातपाय झाडू लागतो. फिट आली समजून बाकीचे त्याला दाबून धरतात. (आपल्याकडे एव्हाना कुणीतरी कांदा आणायला धावलं असतं.) त्याच्या पांढऱ्या शर्टावर रक्ताचा डाग उमटतो, सगळे जागच्या जागी थबकतात, आणि पुढच्या झटक्याला छाती फोडून आतून एक जिवंत प्राणी वर येतो. मान वळवून बघतो, चिरकतो आणि ताटं उधळत टेबलावरून पसार होतो.

रिडली स्कॉट यांचा ‘एलियन’ अमेरिकेत २५ मे १९७९ रोजी लागला. तेव्हापासून विज्ञानपटांतला सगळ्यांत धक्कादायक प्रसंग कोणता, या प्रश्नाला बहुतेक ठिकाणी हेच उत्तर मिळतं. ही पुस्तिका या एकाच प्रसंगाबद्दल आहे. स्वारगेटला जेधे चौकापासून चालत जाता येईल अशा एका खोलीत काही मंडळी अधूनमधून सिनेमे बघायला जमतात. तिथे एकदा हा प्रसंग दाखवला आणि त्यावरून वाद पेटला. प्रसंग भीतिदायक आहे की नाही हा वादाचा मुद्दा नव्हताच, कारण घाबरले सगळेच होते. भांडण होतं ते हे नेमकं कोणत्या जातीचं भय आहे, यावर. स्वारगेटची एक सोय अशी की तिथे नाना प्रकारची माणसं सहज एकत्र येतात. खोलीत सातारा-सांगलीकडून एसटीने उतरणारी मुलं होती, मार्केट यार्डात हिशेब लिहिणारे एक गृहस्थ होते, एक निवृत्त परिचारिका होत्या आणि शेतकी पदवी घेतलेला एक तरुण होता. सगळ्यांना आपलं म्हणणं लिहून द्यायला सांगितलं. ते लेख पुढे आहेत. प्रस्तावना लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं, ते मी मनाने तटस्थ असल्यामुळे मात्र नव्हे.

आधी हा प्रसंग घडवला कसा ते सांगतो, कारण त्याभोवती बऱ्याच दंतकथा आहेत. चित्रीकरण १९७८ मध्ये इंग्लंडमधल्या शेपरटन स्टुडिओत झालं. नटांना काहीच माहीत नव्हतं, असं नेहमी सांगितलं जातं. ते खरं नाही. संहिता सगळ्यांनी वाचली होती, छातीतून काहीतरी निघणार हे ठाऊक होतं. त्यांच्यापासून लपवलं होतं ते रक्ताचं प्रमाण आणि त्याचा जोर. केनचं काम करणारे जॉन हर्ट टेबलाखाली होते. डोकं, खांदे आणि हात तेवढे वर, आणि गळ्याखाली खोटं धड. त्या धडात खाटकाकडची आतडी-काळजं भरलेली होती, रक्ताच्या नळ्या सोडलेल्या होत्या. पहिल्या खेपेला शर्ट फाटलाच नाही. मग कापड आतून कमकुवत करून घेतलं आणि पुन्हा कॅमेरे सुरू केले. एका नळीची चिळकांडी थेट व्हेरोनिका कार्टराइट यांच्या तोंडावर गेली. पडद्यावर त्यांची जी किंकाळी ऐकू येते तिच्यात अभिनय किती आणि खरी दचक किती, हे वेगळं काढता येत नाही. प्राण्याची मूळ कल्पना स्वित्झर्लंडचे चित्रकार एच. आर. गीगर यांची, बाहुली घडवली रॉजर डिकन यांनी. कथा-पटकथेचे लेखक डॅन ओबॅनन यांना आतड्याचा क्रोन्स हा चिवट आजार होता. आपल्याच पोटात काहीतरी आपल्याविरुद्ध उठतं आहे, हा त्यांचा रोजचा अनुभव. २००९ मध्ये त्याच आजाराने ते गेले. हे कळल्यावर प्रसंग पुन्हा पाहिला की आधीचा तो ठसका जास्त अस्वस्थ करतो.

आता वादाकडे येऊ.

पुस्तिकेतला एक पक्ष म्हणतो, ही सरळसरळ ‘स्लॅशर’ची सुरुवात आहे. दिग्दर्शक जॉन कार्पेंटर यांचा ‘हॅलोवीन’ १९७८ चा; वर्षभरात ‘एलियन’ आला. एक खुनी, बंद जागा, एकेकाचा नंबर, शेवटी उरलेली एक मुलगी. जहाजाच्या जागी वाडा ठेवला आणि प्राण्याच्या हातात चाकू दिला तरी उत्तरार्ध जसाच्या तसा चालेल. हे उत्तरार्धापुरतं बरोबरच आहे. पण आपला विषय जेवणाचा प्रसंग आहे, आणि त्या क्षणी कुणी कुणाच्या मागे लागलेलं नाही. खून करायला बाहेरून कुणी आलेलं नाही. तिथे जे होतं आहे ते एका प्राण्याच्या वाढीतली ठरलेली पायरी आहे. केन मरतो तो वाटेत आला म्हणून.

दुसरा पक्ष ‘बॉडी हॉरर’चा, आणि तोच सगळ्यांत मोठा आहे. छाती फुटते, मांस दिसतं, म्हणजे देहाचंच भय. आणखी काय हवं? मला हे पटत नाही. देहाचं भय पाहायचं तर डेव्हिड क्रोननबर्ग यांचा १९८६ चा ‘द फ्लाय’ बघा. तिथे शास्त्रज्ञ आणि माशी एक होतात आणि पुढचा सगळा सिनेमा तो माणूस आपलंच शरीर आपल्याला सोडून जाताना पाहत असतो. नखं गळतात, दात पडतात, आणि सुरुवातीला तर त्याला ही नवी ताकद आवडतेही. हे घडणारं शरीर त्याचं आहे. शेवटपर्यंत ‘मी’ कुठे संपतो हा प्रश्न आहे. केनला असं काही होत नाही. केन बदलत नाही, सडत नाही, स्वतःकडे भीतीने बघत नाही. तो झोपून उठतो, भूक लागली म्हणतो आणि मरतो. त्याचं शरीर फक्त वापरलं गेलं. भाडेकरू निघाला आणि जाताना भिंत पाडून गेला. घरमालकाला पत्ताच नव्हता.

परिचारिकाबाईंचा लेख लहान आहे आणि मला सगळ्यांत आवडलेला आहे. त्यांनी प्रकारांच्या भानगडीत न पडता एवढंच लिहिलं आहे, की ही प्रसूती आहे. वेणा, धरून ठेवणारी माणसं, रक्त, पहिलं रडणं, सगळं क्रमवार आहे. फक्त बाळंतीण पुरुष आहे आणि तिला विचारलेलं नाही. अनेक वर्षं प्रसूतिगृहात काढलेल्या बाईला हा प्रसंग पाहून किंचाळावंसं वाटलं नाही. पुरुष प्रेक्षक एवढे का हादरले, याचंच तिला थोडं हसू आलं.

माझं मत सांगायचं तर त्यासाठी छातीतून प्राणी निघाल्यावरच्या पुढच्या काही क्षणांकडे पाहावं लागेल. बहुतेकांच्या लक्षात राहतं ते रक्त. पण प्राणी बाहेर डोकावून स्थिर झालेला असताना पार्कर नावाचा कामगार सुरी उचलतो. तो एका फटक्यात हे संपवू शकला असता. त्याला अडवतो अ‍ॅश, जहाजावरचा विज्ञान अधिकारी. हात लावू नका, असं बजावतो. त्या एवढ्या वेळात प्राणी निसटतो, आणि पुढचे सगळे मृत्यू त्या अडवलेल्या हातातून येतात. हा सिनेमा कोणत्या जातीचा, याचा निकाल रक्तात शोधू नये; तो या हातात आहे. सुरी चालली असती तर ही राक्षसाची गोष्ट झाली असती आणि तिथेच संपलीही असती. समोरच्या गोष्टीबद्दल कुतूहल असलेला माणूस मध्ये पडला, म्हणून ती विज्ञानभयाची गोष्ट झाली.

मराठी वाचकाला हे चटकन पटणार नाही, याचं कारण आपल्या पुस्तकांच्या कपाटात आहे. आपल्याकडे भय आणि विज्ञान वेगवेगळ्या फळ्यांवर वाढले. पुण्यातच राहून लिहिणाऱ्या नारायण धारपांनी (१९२५–२००८) मराठीत भयकथेची जागा पक्की केली. स्वतः विज्ञानाचे पदवीधर, विज्ञानकथाही लिहिलेल्या. पण वाचकांना धारप म्हणजे अंधारातून येणारी ती अमंगळ शक्ती, आणि तिच्यासमोर उभे राहणारे त्यांचे नायक समर्थ. रत्नाकर मतकरींनी गूढकथा वेगळी ठेवली. तिच्यात माणसाच्या मनाचा अंधार भुतापेक्षा जास्त खोल असतो. विज्ञानकथा मात्र प्रबोधनाच्या अंगणात वाढली. १९६६ मध्ये मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. तिच्याच कथास्पर्धेला १९७४ मध्ये जयंत नारळीकरांनी नारायण विनायक जगताप या टोपणनावाने ‘कृष्णविवर’ पाठवली आणि बक्षीस मिळवलं. या परंपरेत विज्ञान हा दिवा आहे. भीती वाटली तरी ती मानवजातीच्या भवितव्याची असते. ‘वामन परत न आला’ वाचून आपण यंत्राच्या बुद्धीबद्दल विचारात पडतो, पण स्वतःच्या छातीवर हात ठेवून बघत नाही. एकूण आपला हिशेब असा, की भूत म्हणजे न कळलेलं आणि विज्ञान म्हणजे कळलेलं. कळलं की भीती गेली. अंधश्रद्धेशी लढण्यासाठी हा हिशेब उपयोगी पडला आणि पडतो. गोष्ट लिहिताना मात्र तो आड येतो.

भूतकथेत माहिती मिळाली की सुटकेचा रस्ता दिसतो. कोण आहे, कशासाठी अडलं आहे, काय दिलं की जाईल. ‘एलियन’मध्ये माहिती मिळेल तशी परिस्थिती वाईट होते. प्राण्याचं रक्त आम्ल आहे, हे कळल्यावर त्याला कापायची सोय जाते. तोंडावरचा प्राणी मेला, ही चांगली बातमी नव्हती. त्याचं काम झालं होतं, म्हणून तो मेला. जीवनचक्र जेवढं पूर्ण समजतं तेवढी जहाजावरची माणसं त्यात नुसता कच्चा माल म्हणून दिसू लागतात. कार्पेंटर यांच्याच १९८२ च्या ‘द थिंग’मधली रक्ताची चाचणीही याच जातीची. प्रत्येकाच्या रक्ताच्या थेंबात तापलेली तार बुडवून कोण माणूस आणि कोण नाही हे शोधायचं. प्रयोग शास्त्रशुद्ध आहे, निष्कर्ष अचूक येतो, आणि थिएटरमध्ये माणसं खुर्च्यांवरून उडतात ती निष्कर्ष आला म्हणूनच.

शेतकी पदवीधराचा लेख इथे कामाला येतो. त्याने लिहिलं आहे, की हा प्राणी काही परग्रहावरचा नाही, सांगली जिल्ह्यात उसाच्या फडात तो रोज सोडला जातो. ट्रायकोकार्ड ज्यांनी पाहिलं आहे त्यांना कळेल. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर तांदळातल्या पतंगाची सुमारे २०,००० अंडी चिकटवलेली असतात आणि त्या प्रत्येकात ट्रायकोग्रामा नावाच्या गांधीलमाशीच्या जातीचा, एक मिलिमीटरही न भरणारा कीटक वाढत असतो. कार्डाच्या पट्ट्या कापून उसाच्या पानाला टाचायच्या. माश्या बाहेर पडतात, खोडकिडीची अंडी शोधतात, त्यांत आपलं अंडं घालतात. मग त्या अंड्यातून किडीऐवजी माशी निघते. तिला आपण मित्रकीटक म्हणतो. शेतकऱ्याच्या बाजूने बघितलं तर अगदी रास्त नाव आहे. खोडकिडीला मतदानाचा हक्क नाही.

इक्न्यूमॉन जातीच्या माश्या तर जिवंत अळीच्या अंगातच अंडी घालतात. पिल्लं आतून खात वाढतात आणि शेवटी अंग फोडून बाहेर येतात. चार्ल्स डार्विन यांना या माश्यांनी फार छळलं. १८६० मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी म्हटलं, की दयाळू आणि सर्वशक्तिमान ईश्वराने असा जीव मुद्दाम निर्माण केला असेल हे आपल्याला पटवून घेता येत नाही. केनच्या छातीतला प्राणी त्या पत्रातही बसला असता.

पण आपल्याकडे अशा माशीकडे बघण्याची याहून जुनी, अगदी उलटी तऱ्हा आहे, आणि तीच मला या वादात सगळ्यांत मोलाची वाटते. भिंतीच्या कोपऱ्यात मातीचं घर बांधणारी कुंभारीण माशी सगळ्यांनी पाहिलेली आहे. ती अळीला नांगी मारून लुळी करते, मातीच्या कोठडीत भरते आणि तोंड लिंपून टाकते. काही दिवसांनी कोठडीतून माशी बाहेर येते. जुन्या निरीक्षकांनी आत जाताना अळी पाहिली आणि बाहेर येताना माशी पाहिली. मध्ये काय झालं ते दिसत नव्हतं. त्यांनी अर्थ लावला, की माशीच्या भीतीने अळीला अखंड तिचाच ध्यास लागला आणि ध्यासाने ती माशीच झाली. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताच्या चोवीस गुरूंमध्ये ही माशी येते, आणि संत एकनाथांनी १५७३ मध्ये काशीत पूर्ण केलेल्या भागवतटीकेमुळे ती मराठी कीर्तनांत आणि घराघरांतल्या बोलण्यात येऊन बसली. प्रेमाने, द्वेषाने किंवा भीतीने, कशानेही मन एका ठिकाणी जडलं की माणूस तेच होतो, हा तिथला धडा.

एकच घटना आहे. एका जीवावर दुसरा जीव वाढतो आणि पहिला संपतो. भागवतात ती मुक्तीचा दाखला आहे, डार्विनच्या पत्रात ईश्वराविषयीची शंका, कृषी विभागाच्या माहितीपत्रकात पीकसंरक्षण आणि १९७९ च्या पडद्यावर भय. प्रसंगाला स्वतःची अशी जात नसतेच. मध्ये काय झालं याचं उत्तर कोण देतो आणि कुणाच्या बाजूने देतो, यावर ती ठरते. आणखी एक फरक आहे, तो मला पुन्हा पुन्हा खुणावतो. भागवतातल्या अळीला भीती वाटते, आणि ती भीतीच तिला पालटते. केनला शेवटपर्यंत भीती वाटत नाही. त्याच्या वाट्याची सगळी भीती टेबलाभोवतीच्या सहा जणांना आणि आपल्याला घ्यावी लागते.

सहा नव्हे, पाच. अ‍ॅश घाबरलेला नाही. तो माणूस नसून यंत्र आहे हे पुढे उघड होतं, आणि प्राणी जिवंत परत आणा, जहाजावरच्या माणसांचं काय होईल ते होवो, असा मालक कंपनीचा गुप्त आदेश त्याच्याकडे आहे हेही. म्हणजे सुरी अडवणारं कुतूहल निर्मळ नव्हतं. इथे मार्केट यार्डातल्या गृहस्थांनी माझ्या म्हणण्यालाच सुरुंग लावला आहे. त्यांच्या मते ही विज्ञानाची नव्हे, नोकरीची भीतिकथा आहे. ‘नोस्ट्रोमो’ हे खनिज वाहून नेणारं मालवाहू जहाज. त्यावरचे पार्कर आणि ब्रेट सुरुवातीपासून आपल्याला बोनसचा वाटा कमी मिळतो म्हणून कुरकुरत असतात. कंपनीला माल हवा होता, माणसं हिशेबात खर्ची पडली. सुरी अडवली ती मालकाने. ‘फ्रँकेन्स्टाईन’मध्ये निदान शास्त्रज्ञ स्वतः अपराधी असतो, इथे अपराधाला चेहराच नाही, पत्रव्यवहार आहे. यावर माझं उत्तर एवढंच, की विज्ञान कोणाच्या पगारावर आहे हा प्रश्नही विज्ञानभयाचाच भाग आहे. पण हे उत्तर मला वाटतं तेवढं भक्कम नाही, हेही इथेच नोंदवतो. त्यांचा लेख म्हणूनच पहिला छापला आहे.

शेवटचा लेख आपल्या मातीतल्या सिनेमावर आहे. राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ १२ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रदर्शित झाला, २०२४ मध्ये पुन्हा लागला आणि दुसऱ्या खेपेला जास्त गर्दी खेचून गेला. त्याच्या मुळाशी धारपांची एक कथा आहे. स्वारगेटहून बस पकडून दिवे घाट चढलं की येणाऱ्या सासवडमधल्या वाड्यात त्यातला बराच भाग चित्रित झाला आहे. त्यात शापाने मरण नाकारलेल्या म्हातारीच्या देहातून झाड उगवलेलं आहे. ती त्या मुळांत जिवंत आहे, तिचं काळीज अजून धडधडतं आहे. केनच्या प्रसंगाशेजारी ठेवावा असा हा मराठी मुलखातला एकमेव प्रसंग मला माहीत आहे. लेखिका त्याला लोकभयपट म्हणते, कारण तिथे कारण शापाचं आहे आणि शापाला नियम आहेत. त्यातला दैत्य हस्तर कणकेच्या बाहुलीला भुलतो, रिंगणाच्या आत येऊ शकत नाही. एका बाहुलीला एक हस्तर, मग अनेक बाहुल्या नेल्या तर? नायक विनायकचा मुलगा हा प्रश्न एखाद्या प्रयोगशाळेतल्या उमेदवारासारखा विचारतो आणि उत्तर वरून टपाटप खाली पडतं. नियम समजून घेऊन, हाव धरून, प्रमाण वाढवून पाहणाऱ्या या बापलेकांना लोकभयाच्या फळीवर ठेवायचं की अ‍ॅशच्या शेजारी, यावर लेखिका आणि मी अजून भांडतो आहोत. तिने तळटीप लिहून माझं म्हणणं खोडून काढलं आहे आणि ती तळटीप मी तशीच ठेवली आहे.